पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

पत्र

आमच्याकडे पाच महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे, चिकू. वजन १४ किलो. ब्रीडरने सांगितलेलं ड्राय फूड आत्तापर्यंत दिलं. आता स्टेशनजवळचा पेट शॉपवाला मोठ्या गोणीतलं सुटं देतो. किलोमागे बरंच स्वस्त पडतं आणि त्याच्या मते ‘आतला माल तोच’. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण म्हणतात, ग्रेन-फ्रीच घ्या, गहू-मका म्हणजे कुत्र्याला विष. आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही. सासूबाई म्हणतात, गावाकडची कुत्री दूध-पोळीवरच वाढली. शिवाय हाडं मजबूत व्हावीत म्हणून ओळखीच्या एकांनी कॅल्शियमचं सिरप आणून दिलंय. प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुठल्या कंपनीचं घ्यावं, एकदाच नाव सांगून टाका.

– मा. गो., विलेपार्ले (पूर्व)

उत्तर

मा. गो. ताई,

ते सिरप आजच्या आज बंद करा. फूड कुठलं घ्यायचं यावर चार दिवस विचार केलात तरी काही बिघडत नाही, पण यात थांबायला नको. डॉक्टरांनी तपासून, ठरावीक कारणासाठी लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. मग त्यांना विचारूनच बंद करा.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या पोटात जास्तीचं कॅल्शियम गेलं तर आतडं गरजेपुरतं घेतं आणि उरलेलं सोडून देतं. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या शरीराला हा ताबा नीट जमत नाही. जेवढं खाण्यातून जाईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींमध्ये त्यामुळे हाडांची आणि सांध्यांतल्या कूर्चेची घडण बिघडते. पिल्लू लंगडायला लागतं, पाय वाकतात. चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी अमेरिकन मानकात त्याची कमाल मर्यादाही आहे, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के. त्यावर चमचाभर सिरप घातलं की तो हिशेब मोडतो. मुंबईत पिल्लू घरी आलं की कुणी ना कुणी मायेने ही बाटली आणतंच. माया खरी असते, पण बाटली परत करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एका कंपनीचं नाव मी देणार नाही, कारण त्याने तुमचं काम होणार नाही. एकेका कंपनीची पाच-पाच, दहा-दहा प्रकारची पाकिटं बाजारात असतात. पेडिग्री आणि रॉयल कॅनिन ही दोन्ही नावं मार्स या एकाच कंपनीची आहेत, पण माल वेगळा, किंमत वेगळी. नाव पाठ करून दुकानात गेलात तर दुकानदार त्याच नावाचं भलतंच पाकीट हातात ठेवील. त्यापेक्षा पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला धावणारा कुत्रा, चिकनचा तुकडा, गाजर आणि ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’, ‘होलिस्टिक’ असे शब्द असतात. त्या शब्दांवरून दर्जा ठरवता येत नाही. कामाचा मजकूर मागे, बारीक अक्षरात असतो. चष्मा घेऊन जा.

सगळ्यात आधी शोधायचे ते शब्द म्हणजे ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’. म्हणजे दुसरं काहीही न देता फक्त याच्यावर कुत्रा जगू शकतो. त्याच्या अगदी जवळ दिसणारा दुसरा शब्द आहे ‘कॉम्प्लिमेंटरी’. तो असेल तर ते पूरक खाणं आहे, रोजचं जेवण नव्हे. ग्रेव्हीची बरीच पाऊचं, टिन आणि सगळ्या चघळायच्या कांड्या या दुसऱ्या वर्गात मोडतात, आणि लोक महिनोन् महिने तेच जेवण म्हणून वाढत राहतात.

त्याच ओळीत पुढे बहुधा ए-ए-एफ-सी-ओ या अमेरिकेतल्या संस्थेची अक्षरं दिसतील, ज्यांना बोलताना ‘आफको’ म्हणतात, किंवा युरोपातल्या ‘फेडिआफ’चं नाव असेल. कुत्र्याला कुठला पोषक घटक किती लागतो याची कोष्टकं या संस्था ठरवतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचंही कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे. एक नीट लक्षात घ्या: आफको कुठलंही फूड तपासत नाही आणि कुणाला मंजुरी देत नाही. ‘आफको अप्रूव्ह्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या कंपनीला नियम माहीत नाही किंवा ती तुम्हाला फसवते आहे. दोन्हींपैकी काहीही असो, पाकीट खाली ठेवा. बरोबर वाक्य असं असतं की हे फूड आफकोच्या अमुक वयोगटाच्या कोष्टकाप्रमाणे बनवलं आहे, किंवा त्यांच्या पद्धतीने कुत्र्यांना खाऊ घालून पाहिलं आहे.

यातला वयोगट फार महत्त्वाचा. ‘अॅडल्ट मेंटेनन्स’ लिहिलेलं चिकूला चालणार नाही. ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ हवं, आणि त्यातही मोठ्या जातींच्या वाढीसाठी योग्य असल्याचा उल्लेख हवा. हा उल्लेख सापडेना तर ‘लार्ज ब्रीड पपी’ म्हणून विकलं जाणारं घ्या. लॅब्रॅडॉरला हे साधारण वर्ष ते सव्वा वर्षाचा होईपर्यंत द्यावं. सहाव्या महिन्यात ‘आता मोठा झाला’ म्हणून अॅडल्टवर आणू नका.

मग आकडे. आफकोच्या कोष्टकात वाढत्या पिल्लाला किमान २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट लागतं, मोठ्या कुत्र्याला १८ आणि ५.५. हे आकडे पाणी वजा करून धरलेले असतात. म्हणून ड्राय फूड आणि पाऊच यांचे छापील टक्के शेजारी ठेवून तुलना केली की गल्लत होते. ड्राय फूडवर प्रोटीन २४ आणि पाणी १० टक्के लिहिलं असेल, तर २४ ला ९० ने भागून १०० ने गुणा: २६.७ टक्के. पाऊचवर प्रोटीन फक्त ८ दिसतं, पण त्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० भागांतले ८ म्हणजे ४० टक्के.

पण प्रोटीनच्या आकड्यावरच सगळं तोलू नका. पाकिटावरचं ‘क्रूड प्रोटीन’ प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून काढतात. तो नायट्रोजन कशातून आला, तो पचतो की नाही, हे त्यातून कळत नाही. याच पळवाटेतून २००७ मध्ये अमेरिकेत मोठं संकट आलं होतं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं कारखान्यातलं रसायन मिसळलं होतं. आकडा छान दिसत होता, आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होत होती.

घटकांच्या यादीबद्दलही थोडं सांगते, कारण सगळे तिथेच अडकतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून ते वजनाने पहिलं येतं. दाणे वाळल्यावर त्याचा वाटा बराच खाली घसरतो. याउलट ‘चिकन मील’ आधीच वाळवलेलं असतं, त्यामुळे ते दुसऱ्या-तिसऱ्या जागी असूनही जास्त प्रोटीन देऊ शकतं. ‘बाय-प्रॉडक्ट’ वाचून नाक मुरडू नका. काळीज, किडनी, फुप्फुस हेही त्यातच येतं आणि ते पौष्टिक असतं. मात्र मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावं वेगवेगळी लिहिलेली दिसली तर मनात त्यांची बेरीज करा. आणि लाल-हिरवे रंगीत दाणे घेऊ नका. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसतच नाही. तो रंग आपल्यासाठी असतो.

एवढं सगळं पाकिटावर मिळतं. जे मिळत नाही ते कंपनीला विचारावं, आणि माझ्या मते खरी पारख इथेच होते. भारतात विकायच्या प्रत्येक पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, आयात केलेलं असेल तर आयातदाराचा पत्ता, आणि ग्राहक सेवेचा नंबर किंवा ईमेल छापावाच लागतो. त्यावर लिहा. रेसिपी कोण ठरवतं, त्या माणसाचं पशुपोषणाचं शिक्षण काय, तो कंपनीत पूर्णवेळ आहे का? माल स्वतःच्या कारखान्यात बनतो की बाहेरून करून घेता? प्रत्येक लॉटची बुरशीच्या विषासाठी तपासणी होते का? १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती आणि कॅल्शियम नेमकं किती? जगभरच्या पशुवैद्यांची ‘वसावा’ ही संघटना पाळणाऱ्यांना साधारण असेच प्रश्न विचारायला सांगते. ज्या कंपनीला आपल्याच फूडमधल्या कॅलरी सांगता येत नाहीत, तिचं फूड मी माझ्या पेशंटला सुचवत नाही, मग ते इटलीहून येवो की भिवंडीच्या गोदामातून.

शेजारणींचा ग्रेन-फ्रीचा आग्रह मनावर घेऊ नका. कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहिला, आणि लांडग्याच्या तुलनेत पिष्ट पचवण्याची त्याची क्षमता खूप वाढली; २०१३ मध्ये त्याच्या जनुकांतच हे दिसून आलं. शिजवलेला तांदूळ, गहू, मका बहुतेक कुत्र्यांना उत्तम पचतो. खरी गव्हाची अॅलर्जी असते, पण ती थोड्यांना. अन्नाच्या अॅलर्जीत चिकन आणि दुधासारखी जनावरांची प्रथिनं जास्त वेळा सापडतात. उलट ग्रेन-फ्रीमध्ये धान्याच्या जागी वाटाणे, मसूर, बटाटा भरतात, आणि अशा फूडवर असलेल्या काही कुत्र्यांना हृदयाचा स्नायू ढिला पडण्याचा आजार झाल्याचं दिसल्यामुळे अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. कार्यकारण अजून सिद्ध झालेलं नाही. पण फायदा दाखवता येत नाही आणि शंका शिल्लक आहे, अशा गोष्टीसाठी जास्त पैसे का मोजायचे?

सुट्या मालाबद्दल मात्र मला आवर्जून बोलायचंय. ताई, सुटं घेऊ नका. एक किलोसुद्धा नको. ‘आतला माल तोच’ असेलही, पण गोणी कधी फोडली, तिची तारीख काय, आधीच्या गोणीचा तळातला चुरा नव्या मालात मिसळला का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि आपण मुंबईत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. उघड्या गोणीतले दाणे सादळतात, त्यांच्यावरच्या तेलाला खवट वास येतो, आणि ओल धरली की बुरशी लागते. त्यातल्या एका बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि घरी गरम केल्याने जातही नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत या विषामुळे ड्राय फूड परत मागवावं लागलं. शंभराहून जास्त कुत्री दगावल्याच्या तक्रारी एफडीएकडे आल्या. तिथे लॉट नंबरवरून माल शोधता आला. सुट्या पिशवीला लॉट नंबर नसतो. फूड खाणारा कुत्रा अचानक मलूल झाला, जेवण सोडलं, उलट्या झाल्या, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि जाताना पाकीट बरोबर न्या.

पावसाळ्यात १५ किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट आणा. घेताना शिवण पाहा, तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलं आहे का ते पाहा. घरी आणल्यावर दाणे डब्यात ओतून पाकीट फेकून देऊ नका; पाकिटाचं तोंड घट्ट बंद करून दाणे पाकिटासकट डब्यात ठेवा. म्हणजे तारीख आणि लॉट हाताशी राहतो आणि जुन्या तेलाचा थर डब्याला धरत नाही. डबा ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी नको, तिथे दमट असतं. ओट्याखालीही गॅसची ऊब लागते. आतल्या खोलीतलं कपाट बरं.

पैशांची चणचण कुणाला नसते? पण किलोचा भाव बघून ठरवू नका, कॅलरीचा बघा. समजा एक फूड ३०० रुपये किलो आहे आणि १०० ग्रॅममध्ये ३२० कॅलरी देतं. दुसरं ५०० रुपये किलो आणि ४०० कॅलरी. हजार कॅलरींना पहिलं सुमारे ९४ रुपयांना पडतं, दुसरं १२५ ला. फरक आहे, पण वाटला होता तेवढा नाही. दुसरं कमी घालावं लागतं, आणि चांगलं पचत असेल तर शीही कमी होते.

किती घालायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण लॅब्रॅडॉरच्या घरी तोच सर्वात मोठा. आत्ता चिकूला दिवसाला साधारण १,००० कॅलरी पुरतील. फूड ३६० कॅलरीचं असेल तर पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, तीन वेळांत विभागून. सहा महिन्यांचा झाला की दोन वेळांत. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पाकिटावरचं कोष्टक नुसता अंदाज असतं. दर आठवड्याला त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि तुमचं वजन वजा करा. बरगड्यांवरून हात फिरवा: तळहात खाली करून पसरलात की हाताच्या मागची हाडं बोटांना जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागल्या तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा.

तो कितीही केविलवाणं बघो, विरघळू नका. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. पोट भरल्याची जाणीव त्यांना पुरेशी होत नाही. आणि नेस्ले प्युरिनाने ४८ लॅब्रॅडॉरवर १४ वर्षं चालवलेल्या अभ्यासात, भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाल्लेल्या कुत्र्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं निघालं, पोटभर खाणाऱ्यांचं ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

सासूबाईंना सांगा, त्यांची आठवण खोटी नाही. पण गावाकडचा कुत्रा दूध-पोळीबरोबर उकिरड्यावरचं, शेतातले उंदीर, कुणाच्या घरची हाडं असं बरंच खात होता. चिकू तिसऱ्या मजल्यावर राहत असो की तळमजल्यावर, त्याला मिळतं ते तुम्ही वाटीत घालाल तेवढंच. नुसत्या दूध-पोळीतून त्याला पुरेसं प्रोटीन, झिंक, लोह मिळणार नाही, आणि बऱ्याच कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. त्यांना त्याला हाताने काही भरवायचंच असेल तर उकडलेलं गाजर, दुधी, भोपळ्याची फोड, बी काढलेलं सफरचंद द्या. वरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागात बसवा. तूप लावलेल्या एका पोळीतच तो कोटा संपतो. आमटी, रस्सा, पोह्यांची उरलेली डिश नको, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत. मूत्रपिंडाला घातक असतात.

आणि घरात मांसाहार नसण्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ड्राय फूड शिजवावं लागत नाही. चिकूची वाटी, मोजायचा चमचा आणि डबा वेगळे ठेवा, वाटी रोज साबणाने धुवा, हात धुवा. वासाचा त्रास होत असेल तर पॅसेजमध्ये जेवू घाला. शाकाहारी ड्राय फूडही मिळतं, आणि नीट बनवलेल्यावर मोठा कुत्रा राहू शकतो. मांजर नाही राहू शकत. पण मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला ते देण्याच्या बाजूची मी नाही. त्या वयात चुकीला जागा फार कमी असते. वर्ष-सव्वा वर्षानंतर पुन्हा विचार करू.

नवं फूड ठरलं की जुनं आठवडाभर पुरेल एवढं शिल्लक असतानाच आणा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग तीन चतुर्थांश, असं सात ते दहा दिवसांत बदला. मधे शी थोडी सैल झाली तर पुढे न जाता आदल्या प्रमाणावर दोन दिवस थांबा. दहा दिवसांनंतरही सैल राहिली तर लगेच तिसरं फूड आणू नका. या वयात त्यामागे बरेचदा जंत किंवा जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी निघतो. सकाळची ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे तपासायला द्या; जवळ सोय नसेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. रक्त पडलं, उलट्याही होत असल्या किंवा पाणी प्यायचं सोडलं, तर दहा दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या.